उजळणी वर्ग

मे महिन्यातच ठेवतात हे, शाळा बंद असतात म्हणून.
धरमपेठेतल्या कॉलेजचा दुसरा मजला,
कूलरला नवा वाळा, भिंतीपर्यंत ओला वास,
आणि आम्ही चाळीस करिअर समुपदेशक
गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून.
माझ्या पट्टीवर 'तितरमारे'चं 'तीरमारे' झालंय.
दुरुस्त नाही करून घेतलं.
बावीस वर्षं अंधारात तेच तर केलं.

प्रशिक्षक तिशीतली, पुण्याची. म्हणाली,
आज आठवीत बसलेलं पोर मोठं होऊन जे काम करेल
त्या कामाला अजून नाव पडलेलं नाही.
मागच्या रांगेतून उमरेडचे गजभिये सर, हळूच :
"आमच्या इकडे ज्याले नाव होतं
तेच काम नाही राहिलं नं, बाप्पा."
कूलरच्या घरघरीत हसू बुडालं.
मी वहीत तारीख घातली आणि खाली रेघ.

माझ्या शाळेतल्या खोलीत अजून तोच तक्ता आहे,
'दहावीनंतर काय?' आणि त्याला फुटलेल्या फांद्या.
डी.एड.च्या फांदीवर मी लाल पेनाने लिहिलं होतं :
नोकरी पक्की.
लाल आता गुलाबी झालंय. वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी जोड्या लावल्या.
एकाने समुपदेशक व्हायचं,
दुसऱ्याने आपलाच एखादा जुना विद्यार्थी.
मी म्हटलं, मोनाली सेलोकर. बारावी. अठ्ठ्याहत्तर टक्के.
वडील कळमन्याला तोलाईवर.
गजभिये सरांनी पेन खिशात ठेवलं,
खुर्ची थोडी तिरपी केली, शिकवली होती तशी,
आणि विचारलं,
"मोनाली, शाळा सुटल्यावर तू काय करत असतेस?"

मी तोंड उघडलं.
तिचा उत्पन्नाचा दाखला कधी संपत होता, ते मला माहीत होतं.
घरून कॉलेजला किती बस बदलाव्या लागतील, तेही.
गणितात कुठे मार्क गेले, तेही.
शाळा सुटल्यावर?
सर थांबले.
कोपऱ्यात कुणाचा तरी फोन वाजला, बंद झाला,
सर थांबलेच होते.
मी तिला अकरा मिनिटं दिली होती तेव्हा.
बाहेर रांग होती.

"टाइम," प्रशिक्षक म्हणाली.
चहासोबत तर्री पोहे होते. मी तर्री वाढवून घेतली,
डोळ्यांत पाणी यायला कारण हवं म्हणून.

तिसऱ्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म.
'आपण नवीन काय शिकलात?'
पुढे दीड ओळ जागा.
मी लिहिलं, 'उपयुक्त'. सगळेच लिहितात.
प्रमाणपत्र मिळालं. अठरा तास. त्यावरही तीरमारे.

साडेपाचला ऊन जरा उतरल्यावर
नंदनवनमध्ये गेले, पिशवीत भाचीच्या लग्नाची साडी.
'मोनाली फॉल-पिको, ब्लाउज'.
सहा वर्षं हिच्याकडेच टाकते कपडे,
कधी बोललो नाही आम्ही त्या फांदीबद्दल.
डी.एड. झालं, मग भरती निघेल, निघेल
म्हणता म्हणता शिलाई मशीन आलं, एवढं ऐकून आहे.

"या नं मॅडम, बसा. पंखा इकडे वळवते."
तिने साडीचा काठ उजेडात धरला.
हिरव्या दोऱ्याची तीन रिळं काढली,
एकेक करून काठावर ठेवली.
"यातला कोणता वाटते तुम्हाले?"
मला तिन्ही सारखेच दिसत होते.
"तूच ठरव," मी म्हटलं. "तुला जास्त कळतं."
"नाही मॅडम. नेसणार तुम्ही."

आणि ती थांबली.
दुकानात आणखी दोघी उभ्या होत्या, एकीचं पोर रडत होतं.
तरी ती थांबली,
रिळं तळहातावर तशीच घेऊन.

"शाळा सुटल्यावर..." मी म्हटलं.
"काय जी?"
"काही नाही," म्हटलं. "हा मधला."
आणि मग, तिने दोरा ओवायला घेतल्यावर,
पुन्हा एकदा सुरुवात केली.