सातवा

दाराबाहेरचा स्टूल माझा.
एकोणीस वर्षं मांडीवर तलवार घेऊन
मी लॉजच्या या दाराशी बसतो.
आजवर तिने कापलं ते एकच,
इस्बिस्टरच्या साठीचा केक.

बंदरावर विचारतात, आत काय चालतं रे, मॅन्सी?
मी मान हलवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडली तर निघायचा
छपराच्या गळतीचा अंदाजखर्च,
मागच्या सभेचं इतिवृत्त, वाचून कायम,
आणि ड्रीव्हरचं घोरणं.

तेवढंच असतं तर मी कधीच घरी बसलो असतो.
आत काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी आहे,
खरं तर लिनोलियम, खिडकीपाशी उचकटलेलं.
तिच्यावर बँकेचा मॅनेजर आणि त्याचा कर्जदार
कोकराच्या कातड्याचे सारखेच एप्रन बांधून उभे राहतात
आणि एकमेकांना भाऊ म्हणतात.
सोमवारी हप्त्याचं पत्र जायचं ते जातंच.
पण गुरुवारी, रात्री नऊपर्यंत,
भाऊ.

नावाचे सगळेच गवंडी आम्ही.
खरा एकच होता, क्लाउस्टन.
चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायचा.
मेंढ्यांच्या कुरणांभोवती त्याच्या भिंती अजून आहेत,
वारा त्यांच्यातून गाळून जातो, त्या हलत नाहीत.
आमचा चांदीचा ओळंबा तळहातावर घेऊन म्हणायचा,
देखणा आहे हो, पण याला वजन नाही.

ऑक्टोबरात तो गेला.
रीतीप्रमाणे आम्ही खड्ड्यात एकेक हिरवी डहाळी टाकली.
बेटावर झाड म्हणून नाही.
ड्रीव्हरच्या बायकोच्या कुंडीतली, रोझमेरीची होती.
कुंडी बोडकी झाली.

त्यानंतरची ही पहिली सभा.
फेरीबोट रद्द. बर्फ आडवं पडतंय.
रस्त्यावर चिटपाखरू नाही.
आत सहाजण,
आणि सातांशिवाय लॉज उघडत नाही.

सातवा मी.
पण मी आत गेलो तर दाराशी कोण?
नियमांचं पुस्तक निघालं, मग चष्मे निघाले.
फ्लेट म्हणाला एक, रेंडल म्हणाला भलतंच.
चाळीस मिनिटं भाऊ
सख्ख्या भावांसारखे भांडले.

तेवढ्यात थोरा रेंडल जिना चढून आली,
सूप करपतंय, एवढंच सांगायला.
बत्तीस वर्षं ती आमचं जेवण रांधते
आणि खाली, स्वयंपाकघरात थांबते.
तिने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. हात एप्रनला पुसले,
तिच्या, साध्या सुती एप्रनला,
माझ्या स्टुलावर बसली
आणि तलवार मांडीवर घेतली, विणकाम घ्यावं तशी.
जा आत, म्हणाली. बघते मी कोण येतंय ते.

कुणी काही बोललं नाही.
इतिवृत्तात हे नाही.

दार लागलं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
ते तीन ठोके मी आतल्या बाजूने ऐकले.
क्लाउस्टनच्या खुर्चीवर त्याचे पांढरे हातमोजे होते,
बोटं अजून फुगीर,
त्याच्या हातांना ते कधी नीट बसलेच नव्हते.
एकच विषय, त्याच्या बायकोचा बंद पडलेला बॉयलर.
थैली फिरली.
कोण किती टाकतो ते बघायचं नसतं,
मी बघितलं नाही.
एकही नाणं वाजलं नाही, तेवढं ऐकू आलं.

मग खाली, करपलेलं सूप.
शेवटचा प्याला माझा असतो, दारवानाचा,
जिथे कुठे कुणी भाऊ अडचणीत असेल त्याच्यासाठी,
पाण्यावर असेल, वाटेत असेल,
घरी पोचावा म्हणून.
मी उभा राहिलो. शब्द पाठ होते.
भाऊ या शब्दाशी थोडा अडखळलो,
थोरा पाव कापत होती, तिने वर पाहिलं नाही.

नंतर भांडी विसळताना मला हळूच म्हणाली,
इस्बिस्टरला सांग,
तिसरा ठोका फार दबका पडतो त्याचा.
क्लाउस्टनचा
खाली माझ्या कपांपर्यंत यायचा.