परतीचा रकाना

आमच्या वहीत पाच रकाने:
बोटीचं नाव, माणसं किती, निघाले कधी, जाणार कुठे,
आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद, परत कधी.
एवढा रुंद कुणी आखला, कोण जाणे.
लिहायचे असतात त्यात चारच आकडे.

सकाळी सव्वाआठ. रेडिओ खरखरला.
नवा आवाज, घाईतला:
"किंगफिशर. बारा फुटी, पत्र्याची. माणसं तीन.
मी आणि माझी दोन मुलं. काहावाई मिळतील म्हणे.
बाहेर कसं आहे?"

बाहेर कसं आहे.
खिडकीतून दिसतंच की मला:
खाडीच्या तोंडाशी काळ्या वाळूचा बांध,
त्यावर पांढरी रेघ,
उठते, मोडते, परत उठते.
इथून ती दोऱ्याएवढी.
बारा फुटी होडीतून बघाल तर दुमजली घर,
अंगावर चालून येणारं.

जाऊ नका, असं म्हणायची मला मुभा नाही.
आकडे तेवढे वाचायचे.
वाचले:
लाट दोन मीटर, पश्चिमेची.
वारा पंधरा नॉट, तोही पश्चिमेचा.
ओहोटी दहा चाळीसला लागेल.
ओहोटी दहा चाळीसला लागेल.
दोनदा वाचायची मुभा मी स्वतःच घेतलेली आहे.
ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, लाट आत,
बांधावर दोघं समोरासमोर येतात
आणि कुणीच कुणाला वाट देत नाही.
आकड्यांत हे कसं बसवायचं?

"जॅकेटं आहेत ना?"
"आहेत. सीटखाली."
"अंगात घाला."
जरा थांबून, "हो, हो."
दातांच्या डॉक्टरला आपण म्हणतो तसं.
परत: दहा वाजता.

दहा.
सव्वादहा.
साडेदहाला हाका सुरू केल्या:
किंगफिशर, किंगफिशर, किंगफिशर.
नाव तीनदा घ्यायचं, असा नियम.
चौथ्यांदा घेतलं ते नियमाबाहेर.

दहा चाळीसला पाणी फिरलं.
खिडकीतला दोरा जाड झाला.

पारेकुराला फोन केला.
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या तारा
भिंतीतून लोंबत्या ठेवून तो आला.
औषधांच्या दुकानाला कुलूप लावून क्लाइव्ह आला,
आणि न्यूकम बहिणी, दोघी, गमबूट घालत घालत.
आमची नारिंगी बोट मोठी, दोन इंजिनांची.
तरी बांधावर ती एकदा सरळ उभी राहिली.
तिचा तळ दिसला मला.
बोटीचा तळ असा दिसू नये.
हात मात्र लिहीतच होता: माणसं चार.

अकरा पंचवीसला नायरीचा फोन, धक्क्यावरच्या दुकानातून:
"बारा फुटी शोधताय ना तुम्ही?
ती इथं ट्रेलरवर आहे.
बाप आणि दोन पोरं माझ्याकडे चिप्स खातायत."

शेवटच्या वळणावर धाकट्याला बांध दिसला म्हणे,
आणि त्यानं भोकाड पसरलं.
होडीच्या काठाला धरून बसला, सोडेना.
बापाला आधी लाज वाटली, मग राग आला,
मग सगळ्यांना भूक लागली.
आपण परत आलो हे कुणाला सांगायचं असतं,
ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मला संताप यायला हवा होता. आला.
फोनवरच आला, नायरीवर निघाला.
नंतर सुचलं:
त्या धाकट्याचं नाव विचारायचं राहिलं.

किंगफिशर. परत: अकरा पंचवीस.
रेघ मारली.

पारेकुराला कळवलं.
"बरं झालं," म्हणाला. खरंच तसं म्हणाला.
"पण दार मिटलंय आता. भरती भरेपर्यंत इथंच घिरट्या.
सात तरी वाजतील.
क्लाइव्हला ओकाऱ्या होतायत.
त्याच्या बायकोला एवढ्यात सांगू नकोस."

थर्मासमधला चहा कोमट होता, तो प्यायले.
रेघेखालची ओळ: नारिंगी, माणसं चार, परत,
आणि पुढे कोरा कागद.
आज कळलं तो रुंद का ते.
त्यावर कोपर टेकवून
खिडकीकडे बघत बसता येतं.