झडती

"तीन, दोन, चार," डॉक्टर बोरस्ते आकडे सांगतात,
कोपऱ्यातली मुलगी लिहून घेते.
खालच्या पुढच्या दाताशी सळई थांबते.
"सात. पॉकेट खोल आहे, मावशी."

मला हसू येतं, पण तोंड उघडं,
ते घशातच राहतं.
एकतीस वर्षं मी पॉकेटंच तपासली,
नाशिकरोडला, छापखान्याच्या फाटकावर,
बायकांच्या रांगेपुढे:
कंबर, ओटी, डब्याचं झाकण,
भाकरीची घडी उलगडून,
अंबाड्यात दोन बोटं.

दुखत काहीच नव्हतं.
पेरूच्या फोडीवर लाल ठसा उमटायचा, एवढंच.
मी म्हटलं, उष्णता असेल.
आई म्हणायची, वय झालं की दात झडती, केस झडती.
माझ्या कानाला तो शब्द नोकरीचाच वाटायचा.

पडद्यावर माझा जबडा.
हाड उतरलंय,
मे महिन्यात गोदेचं पाणी उतरतं तसं,
एरवी न दिसणाऱ्या पायऱ्या उघड्या टाकून.
"जंतूंनी खाल्लं?"
"जंतू नुसते दारात बसलेत, चिकट थर पांघरून.
त्यांना हाकलायला रक्तातून पहारेकरी येतात,
पांढऱ्या पेशी. तुमच्याच.
जंतू हाती लागत नाहीत.
मग त्या मिळेल तिथं हत्यार चालवतात.
तुटतं ते तुमचंच.
आणि आत निरोप जातो, हाड मागे घ्या."

"मग पहारा उठत कसा नाही?"
"उठवायचाही निरोप असतो, मावशी.
काहींच्या शरीरात तो नीट पोचत नाही.
त्यात तुमची साखर."

खुर्ची मागे कलते. दिवा डोळ्यांत.

सिंधू गांगुर्डे.
एका श्रावणात मोजणीत एक ताव कमी भरला,
तिच्या पाळीत.
वरून तोंडी सांगणं: तिच्याकडे जरा लक्ष असू द्या.
मी दिलं.
वेणी सोडून, चपला उलट्या करून,
गजऱ्याचा दोरा ओढून.
अकराव्या दिवशी ताव सापडला.
ताव नव्हे, बेरजेतली चूक.
आता पुरे, असं मला कुणी म्हणालं नाही.
म्हणालंही असेल,
कागद आला असेल फाटकावर,
मी सही केली असेल.
बोटं थांबली नाहीत.
तीन वर्षं.

आधी तिनं गजरा सोडला.
मग डबा आणणं.
मग माझ्याकडे बघणं.
मग एका सोमवारी रांगेत तिची जागा नव्हती,
आणि पुढची बाई एक पाऊल सरकली.

माझ्या पाळीत कधी काही गेलं नाही,
हे मी लग्नाकार्यात सांगत आले.

सहा आठवड्यांत दोनदा खरवडलं.
सुन्न ओठ घेऊन पंचवटी कारंज्यापर्यंत चालले,
चहा हनुवटीवरून ओघळला तरी कळलं नाही.
पेशींना हुकूम देता येत नाही, म्हणाल्या डॉक्टर,
दारातली गर्दी तेवढी हटवायची, रोज,
फटीफटीतून, हा बारीक ब्रश फिरवून.
हटवते.
रात्री दिवा लावून, आरशात, दातागणिक.
कालचा आकडा पाच.
रक्त नाही.
"गेलेलं हाड भरून येईल असं नाही.
आहे ते राहील."

सिंधू जेलरोडला असते म्हणे,
नातीला शाळेत सोडते.
दोनदा त्या वळणापर्यंत जाऊन आले.
काय बोलणार?
हात रिकामे आहेत हे दाखवायला
मी हात पुढे केले,
तर ती पिशवी खाली ठेवील
आणि भर रस्त्यात, नातीसमोर,
दोन्ही हात वर करून उभी राहील,
सवयीनं.