बारा इंचांच्या आत

अर्ज सोळा पानांचा.
मातीनं हात भरले असतील तर
तो भरायच्या आधी धुवावे लागतात.

पदवी: जोडली.
मृदाशास्त्राचे श्रेयांक: जोडले,
तीन कमी पडले म्हणून बत्तिसाव्या वर्षी
पोरासोरांच्या बाकावर बसून जलविज्ञान केलं.
अनुभव: पाच वर्षं, महिन्यामहिन्याच्या हिशेबानं,
पुढे रकाना, कुणाच्या हाताखाली.
साठही ओळींत मी एकच नाव लिहिलं.
अल्सिद गिद्री.

अल्सिदनं शिकवलं
ऑगर कमरेनं फिरवायचा नसतो,
ढेकूळ हातानं फोडायचा,
सुरीनं कापलेली माती खोटं बोलते.
मग तो ओलवायचा, ऊन पाठीशी घ्यायचं,
गॉगल काढायचा,
रंगांच्या पुस्तकातल्या भोकामागे धरून
घाई न करता म्हणायचं: करडा.
थांब. करड्यात किंचित हिरवा.
जिवंत मुळाभोवती गंजाची नळी दिसली
की ओळखायचं, पाणी इथं राहून गेलंय
आणि मुळानं तग धरलाय.
सडक्या अंड्यांचा वास आला की तो टोपी काढायचा.
"मालक घरात आहेत," म्हणायचा.

ऑक्टोबरात दलदल वाळते,
सायप्रसचे गुडघे उघडे पडतात,
बिल्डरची माणसं भेगांवर बूट आपटून विचारतात,
दाखवा, कुठंय पाणी?
अल्सिद बारा इंच खणायचा फक्त.
पाणी कुठं मुरतंय ते त्याला
कधी बोलून सांगावं लागलं नाही.

पान अकरा. शिफारसपत्रं, प्रमाणित व्यक्तींचीच.
फोनवरच्या बाईंचा आवाज खरंच मऊ होता:
श्री. गिद्री यांचं प्रमाणपत्र रद्द झालंय.
दर पाच वर्षांनी शिक्षणाचे तास दाखवावे लागतात,
त्यांनी दाखवले नाहीत.

ते कोणतं वर्ष, मला ठाऊक होतं.
एर्मलीन खाटेवर होती,
तो तिच्या उशाशी.
त्या तासांचा रकाना नाही.

मग माझी शिफारस केली
बॅटन रूजच्या एका डॉक्टरसाहेबांनी,
एकदाच भेटलो होतो, परिषदेत, कॉफीच्या रांगेत.
"उमेदवाराला मी जवळून ओळखतो."
पुढच्याच पानावर नीतीची शपथ होती.
मी सही केली.

परीक्षा लाफायेतला, बिनखिडकीच्या खोलीत,
एका बाजूला नखांचं पार्लर, दुसऱ्या बाजूला विम्याचं ऑफिस.
प्रश्न एकसष्ट: ऑक्सिजन संपल्यावर मातीत आधी काय संपतं?
नायट्रेट. खूण केली.
मग मँगनीज, मग लोखंड, मग गंधक,
आणि माझी बोटं आपसूक नाकाशी गेली.
साबणाचा वास आला.

मार्चमध्ये शिक्का आला, नावासकट: रोझलिन थिबोडो.
पहिला फोन अल्सिदचा.
मागची अकरा एकर गोदामवाल्यांना द्यायचीय,
दवाखान्याची बिलं अजून येतात.
"आता तुझी सही चालते," म्हणाला. "ये."

मी म्हणाले, दुसरं कुणी बघ, मी तुझी.
म्हणाला, दुसरं कुणी सुरीनं कापेल.

पहिला खड्डा तांबूस, कोरडा. दुसराही.
तिसऱ्याची जागा त्यानंच दाखवली,
कुंपणाजवळ, जिथं त्याचं गवत नेहमी उशिरा पिवळं पडतं.
मी विचारलं नाही, तिथंच का.
ऑगर वर आला. करडा. करड्यात किंचित हिरवा.
रसायनाचे थेंब टाकले,
माती हळूहळू गुलाबी झाली,
लाजल्यासारखी.

तो टोपी हातात घेऊन उभा होता.

मी टेप लावली. आठ इंच, लिहिलं.
तो वाकला, गुडघ्यांवर, चष्मा पुसत:
"टेप गवतावरून धरलीस.
मातीपासून मोज."

सात.
मी आठ खोडलं,
खोडल्या जागी छोटी सही केली, नियमाप्रमाणे,
आणि माती त्याच खड्ड्यात
जशी निघाली होती त्याच क्रमानं
आम्ही दोघांनी परत भरली.