मानस

आमच्याकडे खाजनाच्या बांधातल्या दाराला मानस म्हणतात.
ते एकाच बाजूला उघडतं.
ओहोटी लागली की आतलं गोडं पाणी त्याला ढकलतं आणि बाहेर जातं.
भरती आली की मांडवी स्वतःच त्याला लोटून लावते.
राखणीला माणूस नको.
सासरे म्हणायचे, द्यायचं किती आणि थांबायचं कुठे
हे या फळीला कळतं, पेद्रूच्या पोरांना नाही.

रुझार पेद्रूचाच पोर.
यंदा मानशीची पावणी त्याने घेतली.
मळारात एवढी बोली कुणी लावली नव्हती.
फेडायची कशी, दोघांनाही ठाऊक होतं.
बोललो नाही.

रात्रीच्या भरतीला दार उघडं बांधून ठेवायचं, बस.
खारं पाणी धावत आत येतं,
सुंगटं घेऊन, शेवटे घेऊन,
आणि परत जाताना सगळं जाळ्यात ठेवून जातं.
बॅटरी मी धरायची.
गाठही माझीच. रुझारची सुटते.

पहिल्या महिन्यात बोलीचे पैसे फिटले.
तिथे थांबायचं ठरलं होतं.
मग पोराचे जहाजावरचे कागद.
मग माझी साखळी.
मग कपेलाला नवी कौलं.
नाव घालू का, पाद्रीबाबने विचारलं.
नको, रुझार म्हणाला,
उजव्या हाताचं डाव्याला कळू नये.
सगळ्या वाड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

दोन धन्यांची चाकरी जमत नाही, असं शुभवर्तमानात आहे.
मला जमत होती.
शनिवारी रात्री एकाची,
रविवारी सकाळी दुसऱ्याची.
मध्ये आंघोळ.

कोरगुट खारं सोसतो,
हे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.
ऑगस्टात कॉन्सेसांव माईच्या शेतात
रोपांची टोकं जळल्यासारखी झाली.
तिने मला काही विचारलं नाही.
मिस्सेत शांतीचा हात पुढे केला, नेहमीसारखा.
माझ्या बोटांना साबणाचा वास होता
आणि साबणाखाली दुसरा.

कुमसाराला गेले.
जाळीपलीकडे पाद्रीबाब खोकला.
हाव, म्हटलं.
किती वेळा?
चोरी मोजता येते, खोटं मोजता येतं.
ही कशी मोजू?
म्हटलं, सहा तास. दर रात्रीच्या भरतीला.
तो गप्प.
आमच्या दोघांच्या डोक्यावर आमचीच कौलं.

मग म्हणाला, तीन नमो मारिया.

मी उठले नाही.
तीन नमो मारियेत किती पाणी आत येतं
ते मी पाहिलंय, पाद्रीबाब.
बांधापासून माईच्या आंब्यापर्यंत.

खूप वेळ कुणीच काही बोललं नाही.
बाहेर फेरीचा भोंगा वाजला.
मग तो हळू आवाजात, पाद्रीसारखा नव्हे,
शेत असलेल्या घरातल्या मुलासारखा म्हणाला,
दोर कसला आहे?
नायलॉनचा.
मग सुटायचा नाही. कापावा लागेल.

रुझार घोरत होता.
कोयता घेऊन एकटीच गेले.
भरती अर्ध्यावर आली होती,
दोर ताठ, गाठ दगडासारखी,
इतकी चांगली गाठ मी मुलांच्या बुटांनाही कधी मारली नव्हती.
तीन घाव लागले.
दार हललं. नदीने त्याला लोटलं.
धप्प.
हा आवाज लग्न होऊन आले तेव्हा झोपू द्यायचा नाही.
मग त्याच्यावरच झोप लागायची.

आत पाणी थांबलं.
बेडूक पुन्हा सुरू झाले.
बॅटरी फिरवली तर आतल्या डोहात डोळेच डोळे,
लाल, बारीक, हजारो.
आलेली सगळी कोंडली होती.
ओहोटीला दार आपोआप उघडेल,
गोड्या पाण्यासोबत ती निघतील,
सरळ आमच्या जाळ्यात.
यात दोर नाही. यात माझा हातही नाही.

जाळं सोडवायला वाकले.
तशीच उभी राहिले.
पहाटेची ओहोटी पावणेपाचला.

घरी आले, कोयता धुतला,
आणि गजर लावला.