कानातला काप

स्वेलडेलच्या माथ्यावर मार्च संपत आलाय, तरी बर्फ.
कोठारात दोन माणसं, एक कंदील
आणि एक मेंढी, जिचं कोकरू मेलेलंच आलं.

म्हातारा हेगार्थ मेंढीला म्हणतो यौ.
लिथुएनियाहून हंगामापुरती आलेली उग्ने म्हणते आविस.
दोघांनाही वाटतं समोरचा चुकतोय,
पण फार नाही.

उरलेली कोकरं ती मोजते: व्हिएनास, दु, त्रीस.
तो मोजतो: वन, टू, थ्री.
मी इथे दोन लिहिते, तीन लिहिते,
आणि मला कुणी विचारत नाही तू कुठून आलीस.
वाटेत कधीतरी गारठ्यात एखाद्या टोळीची जीभ आखडली असेल.
द चा ट झाला. प चा फ.
पाय घसरला, तो फूट होऊन उठला.
हजारो वर्षांत मोडतोड म्हणावी तर एवढीच.

हेगार्थ मेंढ्यांच्या पाठीवर लाल पट्टा ओढतो.
दोन हिवाळ्यांत धुऊन जातो तो.
कानाला दिलेला काप जात नाही.
डोंगरापलीकडे कुणाचं जनावर सापडलं
की आधी कान चाचपायचा,
रंग नाही बघायचा.

आता तो मेलेल्याचं कातडं उतरवतो,
ओला मोजा काढावा तसं,
आणि एका पोरक्या कोकराला चढवतो.
पुढच्या पायांना आखूड पडतं. उग्नेला हसू येतं,
येऊ नये तिथे.
मेंढी हुंगते.
लाथ झाडते.
पुन्हा हुंगते.

कोकराकडे बोट करून तो विचारतो,
तुमच्यात याला वर्ड काय?
तिच्याकडे वार्दस म्हणजे नाव.
कंदील धुरकटलेला, बोट तिला दिसतच नाही.
ती आपलं सांगते: उग्ने.

आग, असा त्याचा अर्थ. त्याला काय माहीत.
तो खडूने फळीवर लिहितो, ऐकू आलं तसं,
एक अक्षर चुकवून,
आणि कोकराला त्याच नावाने हाक मारतो.
ती ओ देते.
मग दोघंही गप्प.

तो बादली घेऊन बाहेर पडतो.
वाऱ्यातून ओरडतो, डोअर!
हे कुणी शिकवलेलं नाही तिला.
उठते, दार लावते.

मागे गवतात
दुसऱ्याच्या कातड्याआड
एक शेपूट हलायला लागलंय.