डावा पाय

मौलाली उस्तादानं पहिल्याच दिवशी
चप्पल काढायला लावली.
"तळव्याला कळू दे बे,
रबराला कळून काय उपयोग?"
होटगी रोडचं मोकळं मैदान, मे महिना,
क्लचचा पेडल तव्यासारखा.

दाबायचा तर पुरता, पार तळाशी.
सोडताना मात्र
आधी बोटभर पोकळ लागतं, तिथं काहीच नसतं,
मग एक जागा येते:
इंजिनचा आवाज जरा खाली बसतो,
केबिनचं नाक सूतभर उचलतं.
"तिथं थांब. आता गाडी तुझी झाली.
हॅन्डब्रेक सोड."

तो म्हणायचा हल्लू, रे हल्लू.
घरी मागावरून नायना म्हणायचा मेल्लगा.
शाळेतल्या बाईंचा शब्द होता सावकाश.
तीन भाषांत मला एकच गोष्ट जमत नव्हती.

जुनी गाडी, म्हणून गिअरला दोनदा पाय.
दाब, न्यूट्रल, सोड. पुन्हा दाब, मग गिअर.
खालच्या गिअरला येताना
मधल्या सोडीत थोडी रेस,
"दातांची एकमेकांशी ओळख करून दे,
नाहीतर चावतात."
ते आलं. आठ दिवसांत आलं.

माझी खोड निराळी होती.
वजनकाट्याची रांग, पाठीवर सिमेंट,
दोन मिनिटांनी गाडीभर पुढं,
आणि पाय पेडलवर टेकलेलाच,
कधी लागेल काय सांगावं म्हणून.
उस्ताद पान्यानं गुडघ्यावर टकटक करायचा.
"पाय खाली घे. पायपुसणं आहे का ते?
तू नुसता टेकलास
तरी आत कुणीतरी झिजतंय."

उस्तादाला ताप आला त्या आठवड्यात
तुळजापूरच्या घाटात मी एकटा.
वळणावर पुढं एस.टी. बंद पडलेली.
ब्रेक लावून बसायचं सोडून
अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली,
थोडा रेस, थोडा क्लच,
मागं सरकत नाही, पुढं जात नाही,
मला वाटलं, काय हात बसलाय आपला!
मग वास आला.
जळक्या नखांचा, जळक्या शिंगाचा.
एस.टी. निघून गेली.
मी रेस दिली, इंजिन ओरडलं,
गाडी जागची हलली नाही.

चौथ्या दिवशी गॅरेजातून
जुनी प्लेट गोणपाटात गुंडाळून
भद्रावती पेठेत घरी आणली.
उस्तादानंच सांगितलं होतं,
"घरी ने. रोज बघ."
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

नायना खड्ड्यात पाय सोडून मागावर.
माझ्या ड्रायव्हर होण्यावर
वर्षभर नीट बोलला नव्हता.
ट्रकच्या केबिनमध्ये कधी चढला नव्हता.
प्लेट हातात घेतली,
अंगठा फिरवला काळ्या, काचेसारख्या झालेल्या पृष्ठावरून,
वर आलेल्या रिबिटांवरून.
म्हणाला,
"पाय अर्धाच ठेवला असशील."

मी गप्प.

"पावडी अर्धी दाबली
की ताणा अर्धाच उघडतो.
धोटा आत शिरतो, मधेच अडकतो,
वीस धागे घेऊन जातो.
दाब, नाहीतर सोड."
आणि दोन पावड्या दाखवल्या मला,
चाळीस वर्षं पाहिलेल्या मीच पहिल्यांदा पाहिल्यासारख्या
(माझं वय बावीस, उरलेली अठरा त्याची):
एक खाली, एक वर,
मधे कुठंच पाय रेंगाळत नव्हता.

उस्तादाचा ताप उतरल्यावर तो आला,
चहा पीत खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला
आणि बराच वेळ
फक्त नायनाचे पाय बघत राहिला.
"भूमेश, हे घरात होतं
नि तू माझ्याकडं आलास?"

ती प्लेट अजून घरी आहे.
ताण्याच्या दोराला दगड बांधलेला असायचा,
तो घरंगळायचा.
आता त्या जागी ती लटकते,
मधल्या भोकातून सुतळी ओवून.
वजन बरोब्बर आहे, नायना म्हणतो.
साडी ताठ येते.